लॅबकाका आणि घरातलं दुसरं पोर

लॅबकाका दारात यायचे तेव्हा त्यांच्या हातात काही नसायचं, पण ते काहीतरी न्यायलाच आलेले असायचे. संध्याकाळी साडेसहाला वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीच्या पॅसेजमध्ये त्यांच्या रबरी चपला वाजल्या की आया पोरांना म्हणायच्या, "आला बघ तुझा वॉरंटवाला." दार उघडंच असायचं, तरी काका चौकटीवर दोनदा टकटक करायचे. "जय भीम. एक पोर द्या." तळमजल्यावरच्या विहारात ते मुलांचा अभ्यास घ्यायचे, फुकट. अट एकच: प्रत्येक घरातून निदान एक तरी आलं पाहिजे.

दादरच्या एका कॉलेजात ते केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. शिक्षण दहावी, तेही नापास. "तीस वर्षं मी आतल्या खोलीत टेस्ट ट्यूब धुतोय आणि बाहेर मॅडम तोच धडा शिकवतायत," ते सांगायचे. "एवढ्यात तर बेसिनलापण पाठ झाला असेल." नायट्रिक ॲसिडनं त्यांच्या बोटांची टोकं पिवळी पडलेली असायची. टपरीवर चहाचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून, एक डोळा मिटून ते पातळी बघायचे. "वरची कड नाही, खालचा वळसा बघायचा असतो. पाच एमएल कमी आहे." टपरीवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणायचा, "काका, उद्यापासून तुमच्यासाठी मापाची ब्युरेटच लावतो."

आयनीभवन ऊर्जा हा त्यांचा लाडका धडा. दर वर्षी अकरावीची पोरं तो शब्द वाचूनच बिचकायची आणि दर वर्षी काका तेच सांगायचे. "यात घाबरायचं काय? मी रोज संध्याकाळी करतो तेच काम आहे. अणू म्हणजे आपली खोली. केंद्रक म्हणजे आई. सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन म्हणजे दाराशी बसलेलं पोर. ते पोर बाहेर काढायला जेवढा जोर लागतो, तेवढी त्याची आयनीभवन ऊर्जा." आवर्तसारणीत ओळीनं उजवीकडे गेलं की आई कडक होत जाते आणि पोर निघता निघत नाही. स्तंभात खाली उतरलं की घरात माणसं वाढतात. पोर दाराशी, आई पार मोरीपाशी आणि मध्ये दोन आत्या, तीन काका. आईची नजर पोचेपर्यंत पोर जिना उतरलेलं असतं. "लिथियमपेक्षा सोडियम सोपा, सोडियमपेक्षा पोटॅशियम. सिझियमच्या घरी तर टकटकसुद्धा करावी लागत नाही."

ओळीच्या टोकाला निऑन. "हे भरलेलं घर. कुणाला देणार नाही, कुणाकडे मागणार नाही." आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक काकू होत्या. त्यांचं दार कायम बंद, वाटीभर साखर कधी कुणाकडे मागितलेली नाही. पोरांनी त्यांचं नाव निऑनकाकू पाडलं. त्यांनी एकदा लॅबकाकांना जिन्यात गाठून विचारलं, "निऑन म्हणजे वाईट का हो?" काका म्हणाले, "छे, सगळ्यात इज्जतदार वायू." काकू खूश होऊन गेल्या.

आमच्या घरातून काकांनी आधीच एक पोर नेलं होतं. माझा दादा दोन वर्षं विहारात बसला आणि ऐन बारावीत पुस्तकं बांधून ठेवून कुरिअरच्या कामाला लागला. बाबांना ते फार लागलं. त्यामुळे मी अकरावी सायन्सला गेले तेव्हा काका दारात आले, तर बाबांनी त्यांना आत या असंही म्हटलं नाही.

"एक दिला ना तुम्हांला? त्याचं काय झालं?"

"चुकलं त्याचं. थोडं माझंपण," काका म्हणाले. "आता शीतलला द्या."

बाबा टॉवरवर वॉचमन, रात्री आठला त्यांची ड्युटी. आई पोळीभाजी केंद्रावर, ती नऊला यायची. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि काकांच्या अभ्यासाची वेळ तीच. कॉलेजात इंग्रजीतून काय चाललंय ते मला कळत नव्हतं. क्लास लावायची ऐपत नव्हती. असंच चाललं असतं तर मी बारावीत गचकले असते आणि मग स्थळं आली असती. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

बाबा म्हणाले, "नाही जमणार, काका."

काका रागावले नाहीत. "बरोबर आहे, भगवान. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन चटकन निघतो. दुसरा काढायला नऊपट जोर लागतो, कारण तो आतल्या भरल्या घरातला असतो. मी तयारीनं आलोय."

ती तयारी दुसऱ्या दिवशी कळली. काकांनी विहारातला फळा वर आणला आणि आमच्या दारासमोर पॅसेजमध्ये भिंतीला टेकवला. अकरा पोरं सतरंजीवर. मी आत पोळ्या लाटतेय आणि बाहेर माझा क्लास चाललाय. बाबा ड्युटीला निघाले तर पाय ठेवायला जागा नाही. डबा डोक्याच्या वर धरून, "सरक रे, सरक," करत ते गेले. शेजारीपाजारी हसत होते. चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी काका फळ्यावर काठी टेकवून सांगत होते, "नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन अवघड. उजवीकडे गेलं की अवघड. अपवाद नाही."

माझं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उघडं होतं. मी आतूनच ओरडले, "काका, ऑक्सिजनचा आकडा कमी आहे. पुस्तकात दिलाय."

काका चौकटीपाशी आले, पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर करून बघितलं आणि परत दिलं. त्या दिवशी त्यांनी क्लास लवकर सोडला. बाबा मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलतात?" मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले ते सरळ फळ्यापाशी. "काल मी चुकीचं सांगितलं. आज कॉलेजात मॅडमना विचारून आलो. लिहून घ्या." मग म्हणाले, "नायट्रोजनच्या घरात बाहेरच्या अंगाला तीन खाटा, तिघांना एकेक. सगळे सुखात. ऑक्सिजनकडे चौथा आला, त्याला कुणाच्या तरी खाटेत घुसावं लागलं. एका खाटेत दोघं म्हटल्यावर लाथाळी होणारच. त्यातला एक निघायला तयारच असतो, म्हणून तिथं जोर कमी लागतो. तीस वर्षं मी धडा ऐकला, पण हे वाक्य यायचं तेव्हा बहुतेक नळ चालू असायचा." पोरं हसली. काका हसले नाहीत. "चूक कुणी काढली, ते लक्षात ठेवा. आत पोळ्या लाटणाऱ्या पोरीनं."

बाबा शर्टाची बटणं लावत उभे होते. ते थांबले. दारातून फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"जा. बस बाहेर."

"तुम्हांला उशीर होईल."

"मला येतात पोळ्या. गावाकडं करायचो." मग मोठ्यानं, पॅसेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "तो फळा तेवढा उद्यापासून खाली न्या. माणसाला चालायला जागा ठेवली नाही."

पाच वर्षांनी मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणालाही, न विचारता सांगते. आज एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये आहे. निकाल लागला तोवर नव्या टॉवरसाठी चाळ रिकामी झाली होती आणि काका मुलाकडे बदलापूरला गेले होते. निकालाच्या दुपारी मी पेढ्यांचा डबा घेऊन थेट तिथं गेले. काकांनी मार्कशीट बराच वेळ वाचली. केमिस्ट्रीच्या मार्कांवर पिवळं बोट ठेवून मान हलवली. मी पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तोंडाजवळ नेता नेता थांबले.

"भगवाननं खाल्ला?"

"बाबांना आता दिवसपाळी आहे, ते ड्युटीवर आहेत. मी आधी तुमच्याकडे आले."

त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. "मी नुसतं ओढलं, पोरी. सोडलं त्यानं. आधी त्याला दे."

मी बसायला हवं होतं, चहा टाकलेला होता. पण त्यांनी बसू दिलं नाही. परत घरी आले आणि बाबा ड्युटीवरून येईपर्यंत डबा कुणालाही उघडू दिला नाही. आईलासुद्धा.