वर्ष सरायच्या आत

आमचे हे गेले त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा मी कोकणच्या सहलीत नाव घातलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही, गोडधोड नाही, हौसमौज तर नाहीच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जळगावातल्या शेजारणींना आणि धुळ्याच्या मोठ्या नणंदेला, अक्कांना, मी सांगितलं, "गणपतीपुळ्याला दर्शनाला जातेय." देवाचं नाव काढलं की कोणी अडवत नाही. पुळे त्या सहलीत होतंही. पण मी देवासाठी निघाले नव्हते. मला समुद्र बघायचा होता, आणि जिथे मला कोणी 'बिचारी' म्हणणार नाही अशा ठिकाणी चार दिवस राहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरी. सकाळी गाइड आम्हाला राजवाड्यात घेऊन गेला. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला पकडून आणलं आणि या गावात नजरकैदेत ठेवलं, त्याच्यासाठी हा बांधला. लाल भिंती, लाकडी जिने, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या.

"कैदेला एवढ्या खोल्या?" माझ्या खोलीतल्या जोडीदारीण काकू म्हणाल्या. पहूरला त्यांचं कापडाचं दुकान. घरात मारवाडी बोलतात, पण मराठीत कोणाला हार जात नाहीत. "आमच्या दुकानावर दोनच आहेत, त्यात सात माणसं. आम्हाला कोण बघायला येतं!"

गाइड सांगत होता की राजा तासन् तास खिडकीशी बसायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि राणी? तिला कोणी विचारलं होतं का, येतेस का म्हणून?"

"राणीसाहेब बरोबरच होत्या, ताई," तो म्हणाला आणि सगळ्यांना बागेकडे वळवलं.

बागेत डबे उघडले. ऊन रणरणत होतं. काकूंनी त्यांची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता दिसता अगदी कवायतीच्या मास्तरीण. पोरं पळून जातील." मला हसू फुटलं. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. त्यांच्या सुनेचं माहेर धुळ्यात, अक्कांच्याच गल्लीत. हे मला ठाऊक असतं तरी मी हसलेच असते, असं आज म्हणते. तेव्हाचं सांगता येत नाही.

दुपारी रत्नदुर्गावर गेलो. तिथे एका बाजूला कडा सरळ समुद्रात उतरतो. खाली पाणी खडकावर आपटत होतं. कठड्याशी उभी होते, तेवढ्यात अक्कांचा फोन आला.

"काय वं, दर्शन व्हयनं का?"

"नाही, अक्का."

"मंग ती टोपी घालीसन दात काढी राह्यनी ती कोन शे?"

"मीच."

"वरीस नई व्हयनं मना भाऊले. बठ्ठी गल्ली तो फोटो दखी राह्यनी. तुले काही वाटस का?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. काकूंनी बळंच टोपी घातली, उद्या पुळ्याला जायचंय, तुमच्या नावानं नारळ फोडते. यांच्या आजारपणाची चार वर्षं मी अशीच उत्तरं देत आले होते. कशी आहेस? बरी आहे. थकतेस का? छे.

"अक्का, मी देवासाठी आलेच नाही," मी म्हणाले. "फिरायला आले. हसू आलं म्हणून हसले. आणि तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका."

मग मी ते सांगितलं. यांना लकवा झाल्यावर वाचा गेली होती. काही हवं असलं की ते डाव्या हातातल्या चमच्यानं खाटेची कड वाजवायचे. एका दुपारी मी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, आमच्याकडचे पापड, वाळत घालत होते. चमचा वाजला. मला ऐकू आला. मी खाली गेले नाही. बिबड्या घालून संपल्या, तरी बसून राहिले. वाजायचा थांबला, तरी बसून राहिले. तासाभरानं उतरले तेव्हा अंथरूण भरलं होतं आणि हे भिंतीकडे तोंड करून होते. त्यानंतर ते सात महिने होते. मी सगळं केलं, कशात कमी केलं नाही. पण ज्या सकाळी ते गेले, त्या सकाळी माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की आता झोपता येईल.

मग अक्का म्हणाल्या, "रडना का मना भाऊ? त्या दिनले?"

"हो."

फोन कट झाला.

काकू मागे उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. "फोटो काढून टाकू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

सहलीवरून परतले त्याच्या तिसऱ्या दिवशी अक्का धुळ्याहून एकट्या आल्या. दारातल्या खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो: या घरचं पाणीही नको. तांब्या-भांडं मी उचललं नाही, क्षमाही मागितली नाही. चार वर्षांत त्या खाटेशी त्या एक रात्र बसल्या नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते मी बोलले नाही.

मी आत जाऊन कुकर लावला. दोघींचा.