तपासणीच्या दिवसाची खाट

आमच्या रुग्णालयात मी कपडे धुते, आणि मावशी वॉर्डातल्या चादरी बदलायची. तिला सगळे घाईमावशी म्हणत. बाई जेवायचीसुद्धा उभ्यानं.

रुग्णालय धर्मादाय. म्हणून सरकारचा कर माफ, आणि त्या बदल्यात वरच्या मजल्यावर गरिबांसाठी काही खाटा फुकट. त्या खाटांवर वर्षभर खोकी झोपायची. तपासणीचा दिवस आला की खोकी खाली आणि खाटांवर आम्ही! माळी, स्वयंपाकी, मी. "देवमाणसं आहेत इथं, साहेब. आता बरं वाटतंय," हे मावशीच आमच्याकडून घोकून घ्यायची. कण्हण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मालकांचा कर वाचायचा, आम्ही पोट धरून हसायचो.

मग तिच्या धाकट्या भावाला छातीच्या दुखण्यानं धरलं. जिना चढताना ओठ निळे पडायचे. मावशीनं व्यवस्थापकाचे पाय धरले.

"सगळ्या खाटा भरल्यात," तो म्हणाला. कशानं, ते आम्हाला ठाऊक होतं. पण नोकरी त्याच्या हातात; तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तपासणीच्या दिवशी तिनं भावालाच आणून झोपवलं. व्यवस्थापकाला खाटेवर माणूस हवाच होता. दाखवण्यापुरती का होईना, प्राणवायूची नळी खरी लागली. दुपारपर्यंत त्याच्या तोंडावर रंग आला. मावशी चक्क स्टुलावर बसली.

"राहू देतील गं आता," ती मला म्हणाली. "साहेबांनीच बघितल्यावर कसे काढतील?"

तपासनीस म्हातारे, मायाळू. भावाच्या उशाशी थांबून त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"देवमाणसं आहेत इथं, साहेब," भाऊ इमानेइतबारे म्हणाला. "आता बरं वाटतंय."

मावशीनं तोंड उघडलं. व्यवस्थापक तिच्याकडेच बघत होता. तिनं ते मिटलं.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच तो वर आला. "बरं वाटतंय म्हणाला ना? मग खाट कशाला अडवता?" नळी निघाली. माझं रक्त खवळलं, पण खवळून करते काय? माझाही पगार त्याच हातातून येतो.

भाऊ भिंतीला धरून उभा राहिला. "ताई, नीट बोललो ना मी?"

"छान बोललास रे," मावशी म्हणाली, आणि त्याची अजून उबदार असलेली चादर काढून तिनं माझ्या हातात दिली. खोकी घेऊन माणसं दारात उभीच होती.