भाचीचा खाऊ

मंडळी, आज आम्ही चौघे मित्र महाडहून भाड्याची जीप करून कुडपणला फिरायला गेलो होतो. ड्रायव्हर दत्ताभाऊंनी पोलादपुरात बिस्किटांचा पुडा घेतला. म्हणाले, "वाटेत बहिणीचं घर हाय. भाचीला खाऊ."

चढणीवर एक हिरवागार उतार दिसला. आम्ही गाडी थांबवायला लावून फोटो काढले.

दत्ताभाऊ उतरले. पुडा फोडून त्यांनी गवतात ठेवला.

"हितंच घर होतं, साहेब. दरड आली. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, भाची तेवढी नाय मिळाली."

गाडी सुरू करत ते म्हणाले, "मामानं रिकाम्या हातानं कसं जायचं?"

डिजिटल कॅमेऱ्यातला तो फोटो आता समोर आहे. मागे उतार, पुढे आम्ही हसतोय. इथे टाकायलाच काढला होता. तुम्ही टाकला असता?