कुलूपबंद मेल आणि डेअरीचा नंबर

बीडमधल्या एका लॅबचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून मेल सर्व्हरपर्यंत.

चौसाळ्याकडच्या एका गावातली अंगणवाडीची मदतनीस रक्त देऊन गेली होती. एचआयव्हीची तपासणी. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "साहेब, गावात कळणार न्हाई ना? मी लेकरांची खिचडी शिजवते. कळलं तर एक बी लेकरू माझ्या हातचं खायचं न्हाई."

"मावशी, कुलूप लावून पाठवतो," मी म्हणालो. आणि लावलंच. एरवी आपला सर्व्हर समोरच्या सर्व्हरला विचारतो, मजकूर कूटबद्ध करून, म्हणजे कुलूप लावून, घेणार का? तो नाही म्हणाला की मुकाट्यानं उघडाच पाठवून देतो, पोस्टकार्डासारखा. म्हणून ज्या दवाखान्यांना असे रिपोर्ट जातात, त्यांच्या मेलच्या पत्त्यांना मी सक्ती लावली. कूटबद्ध होत नसेल तर मेल पाठवायचाच नाही. लई बरं वाटलं तेव्हा, कशाला खोटं बोलू.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. औषधं सुरू करायला ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात गेली, आणि इकडं तिच्या रिपोर्टचा मेल निघेचना. त्या दवाखान्याचा सर्व्हर मेला कूटबद्ध काही घेतच नव्हता! लिफ्ट हाय, काचेचे दरवाजे हायेत, आणि ही बोंब. मी तिकडच्या माणसाला फोनवर फोन लावले. "बघतो, बघतो." अरे, काय बघतोस बाबा!

तेवढ्यात दवाखान्यातून आमच्या काउंटरवर फोन आला, पेशंट ताटकळलीय, रिपोर्ट कुठंय? काउंटरवरच्या मॅडमना राहवलं नाही. त्यांनी रिपोर्टचा फोटो काढला आणि पेशंटच्या नंबरवर व्हॉट्सॲप केला. चांगल्या मनानं केला, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडं बाईमाणसाच्या नावापुढचा नंबर तिचाच असतो असं थोडंच आहे? तो गावातल्या दूध डेअरीचा होता. डेअरीवाल्यानंही भलाच विचार केला. घरच्यांना मिळावा म्हणून तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. 'रिपोर्ट आलाय, कुणीतरी घरी निरोप द्या.'

कुणाच्या नावानं बोटं मोडू? दवाखान्यानं शेवटी पुन्हा रक्त घेऊन औषधं दिलीच. आमच्या रिपोर्टवाचून काही अडलं नाही.

त्याच आठवड्यात ती आली. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती टेबलाशी उभी राहिली. "लेकरं घरून डबे आणायलेत," म्हणाली. मग म्हणाली, "तुमी तर कुलूप लावतो म्हणलात."

"लावलंय, मावशी."

स्क्रीनवर तिचा मेल अजून रांगेतच होता. त्यातलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं.