अंगणात डाग नव्हता म्हणून

"गळत नाही म्हणतोस, मग तेल गेलं कुठे? तू प्यायलास?" मी जीपखालूनच विचारलं.

"भाऊ, आयची आण. एक थेंब गळत नाय. हवं तर येऊन माझा अंगण बघा," बाळू पाष्टे म्हणाला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत नाचणे रोडला माझं गॅरेज होतं. बाळूची जीप जुनी, पण त्यांच्या वाडीत चारचाकी तेवढीच. वाडीपर्यंत एसटी जात नव्हती. दुसऱ्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता आणि वाडीतल्या मुलांना रत्नागिरीच्या केंद्रावर पोचवायचं बाळूनं कबूल केलं होतं. नेमका आदल्या दिवशी घाटीत गिअरबॉक्स रडायला लागला.

गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चाकांची बंद पेटी. चाकं तेलात बुडालेली असतात म्हणून टिकतात. पेटीच्या बाजूला प्लग असतो. तो काढून बोट घातलं की तेल लागलं पाहिजे. माझं बोट कोरडं बाहेर आलं. असेच आणखी हेलपाटे झाले असते तर पेटी घाटीत जॅम झाली असती, आणि मागे मुलं बसलेली.

पेटीच्या मागच्या तोंडाशी तेलकट लाल थर होता. पण जुन्या गाडीला तेवढा असतोच. आता थेंबही पडत नव्हता, कारण पडायला आत काही उरलंच नव्हतं. मी तेल भरलं आणि बाळूच्या शेजारी जाऊन बसलो. गाडी तापल्यावर काय करते ते बघितल्याशिवाय तिच्यात मुलं बसवायला मी तयार नव्हतो.

बाळूचं अंगण खरंच स्वच्छ निघालं. सारवलेलं, गुळगुळीत, जेवायला पान मांडावं असं.

"बघितलंत?" बाळू छाती फुगवून म्हणाला.

माझं लक्ष मात्र विहिरीकडे गेलं होतं. त्याची बायको, शेवंतीवहिनी, रहाटानं पाणी काढत होती आणि रहाट गप्प होता. आमच्याकडचा रहाट पहाटे अख्खी वाडी जागी करतो. हा कुरकुरतसुद्धा नव्हता. मी जवळ जाऊन रहाटाच्या कण्यावर, म्हणजे आसावर बोट फिरवलं आणि हुंगलं. गिअर ऑइल! त्याचा वास साबणानं दोनदा हात धुतले तरी जात नाही.

"वहिनी, हे तेल कुठून आणलंत?"

"आणतंय कुठना? गाडीचाच."

तिनं कळशी खाली ठेवली, जीपखाली वाकली आणि दोन करवंट्या आत सरकवल्या, एक पुढे, एक मागे. "सारवलेल्या अंगणात तेलाचा डाग पडला तर जातो काय? मी रोज सारवत बसू? गाडी आली की करवंटी सारायची, सकाळी काढायची."

"मला बोललीस नाय ती!" बाळू ओरडला.

"तुम्ही इचारलंत कधी?"

डाग दिसत नाही म्हणजे गळत नाही, असं बाळू धरून चालला होता. मी विचारलं, "वहिनी, कुठली करवंटी भरते?"

"मागची. पुढची कोरडीच असते. मागची भरते ती पण गाडी आल्या आल्याच. गार झाली की थांबते."

वा! इतकी वर्षं गॅरेज चालवलं, पण इतका नेमका रिपोर्ट मला एकाही ड्रायव्हरनं दिला नव्हता. अंगणासाठी का होईना, त्या बाईनं गाडीवर नजर ठेवली होती.

गार झाल्यावर थांबते म्हणजे दोष एकट्या सीलचा नव्हता. सील म्हणजे दांडा बाहेर येतो तिथली रबरी कडी. गाडी तापली की पेटीतली हवा फुगते. ती जायला वरच्या झाकणावर ब्रीदर नावाचं बारीक भोक असतं. ते बुजलं की हवा दाब देते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. मी ब्रीदर पाहिला. जांभ्याची लाल धूळ तेलात कालवून पार थापलेली. तार घातली, तशी फुस्सकन हवा सुटली. मागच्या करवंटीतली टपटप आमच्या डोळ्यांदेखत मंदावली.

"उद्या नेऊ ना पोरांना?" बाळूचा आवाज बारीक झाला होता.

"सकाळी करवंटी काय सांगते ते बघू."

मी तिथेच मुक्काम केला. सकाळी मुलं पॅड काखेत धरून जीपला खेटून उभी राहिली. वहिनींनी कुणाला चढू दिलं नाही. आधी करवंटी काढून माझ्यापुढे धरली. तळाला नुसता ओशटपणा होता. मी मान हलवली.

"बसा रे," वहिनी म्हणाल्या.

घाटीत गिअरबॉक्सनं हूं की चूं केलं नाही. मुलं वेळेत वर्गात बसली. परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी आधी करवंटी, मग बाळूची चावी. शेवटच्या पेपरनंतर मी सील बदलला आणि गळती पुरती थांबली.

जुनी गाडी गळणारच, त्याचं मला काही वाटत नाही. भीती वाटते ती स्वच्छ अंगणाची. तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, गाडीखालची जागा कोण झाडतं? आणि जमलं तर त्याच माणसाशी बोलतो.

पुढच्या खेपेला बाळू आला तो निरोप घेऊनच.

"भाऊ, घरात्ना सांगितलंय, तुमच्या रिपेरीनं आमचा रहाट परत बोंबलायला लागला. त्याचा काय ते बघा."

मी वापरलेल्या गिअर ऑइलचा डबा भरून त्याच्या हाती दिला.