पद धोक्यात आहे, तुम्ही नाही

नोरीन एन्टविसल आमच्या शाळेची स्वयंपाकीण. लँकेशायरच्या टेकडीवरच्या या गावातली पोरं तिने सव्वीस वर्षं जेवू घातली; काहींच्या आईबापांनाही तिनेच वाढलंय. ताटात वाटाणे उरले तर ती कुणाला उठू द्यायची नाही, आणि घरी ज्याची आबाळ होते त्याच्या ताटात ॲपल पायचा दुसरा तुकडा कधी पडला ते शेजारच्यालाही कळायचं नाही. जीभ मात्र तिखट. मी शाळेचा केअरटेकर. रोज दहा वाजता तिच्या मागच्या दारात उभं राहून चहा पितो आणि सोबत शिव्या खातो.

फेब्रुवारीत तिला पत्र आलं: आपलं पद धोक्यात आहे.

हेडमास्तर हॉलिसने तिला बोलावून गोड आवाजात समजावलं, "नोरीन, पद धोक्यात आहे, तुम्ही नाही."

"मग पत्र पदालाच पाठवायचं होतं की," ती म्हणाली.

खरी गोष्ट एवढीच होती की जेवण बाहेरून गाडीने, फॉइलच्या डब्यांत येणार होतं. पण तसं बोलायला एकाचीही जीभ रेटेना. म्हणे चार आठवडे विचारविनिमय चालेल, पर्याय सुचवा, आम्ही मोकळ्या मनाने ऐकू. या बोलण्याची मला किळस येते. आमच्या छपरात वटवाघळं आहेत. तीही धोक्यात आहेत, म्हणून सरकारी परवानगी येईपर्यंत मला गळकी कौलं बदलता येत नाहीत. धोक्यातल्या वटवाघळाला हात लावला तर दंड. नोरीनला धोक्यात टाकलं तर हॉलिसला कुणी साधं विचारतही नाही.

गावच्या पेपराने छापलं, 'शाळेचं गरम जेवण संकटाच्या सावटाखाली'. फोटो काढताना तिला हसू नका म्हणून सांगितलं. युनियनवाला येऊन 'टांगती तलवार' म्हणाला, चार बिस्किटं खाल्ली आणि गेला. स्टाफरूममधल्या बाया मान तिरकी करून, दवाखान्यात भेटायला आल्यासारख्या विचारायच्या, "कशी आहेस गं?"

"धोक्यात," नोरीन म्हणायची. "तू?"

एवढी चेष्टा करायची, पण त्या विचारविनिमयावर तिचा विश्वास होता. आसपासच्या दोन छोट्या शाळांचं जेवणही आमच्याच स्वयंपाकघरात करायचं, म्हणजे ते बंद करायचं कारणच उरणार नाही, असा तिचा बेत. तिने तो स्वतःच्या हाताने अकरा पानं लिहून काढला. किती ताटं, किती बटाटे, कुठली भांडी पुरतील, सगळं. तीन शाळांचं एका वेळी मावेल का बघायला मी तिचा ओव्हन आतून मोजून दिला.

"ऐकतो म्हणालेत ना? मग ऐकवते," ती म्हणाली.

विचारविनिमयाच्या शेवटच्या बैठकीला एक सहकारी सोबत नेता येतो. तिने मला नेलं. आधी त्या पानांच्या प्रती काढायला आम्ही ऑफिसात गेलो. क्लार्क जागेवर नव्हती. नोरीनने मशीनवरची फाइल उचलली आणि खाली एक खाकी पाकीट निघालं. वर सगळ्या स्टाफची नावं, नावांपुढे टिकमार्क. "राहू दे ते, आधी प्रती काढ," मी म्हणालो.

आमच्याकडे कुणी नोकरी सोडून चाललं की निरोपाचं कार्ड असं गुपचूप टेबलाटेबलावर फिरतं. नोरीनने ते उघडलं. वर फुगे, खाली 'नव्या वाटचालीला शुभेच्छा', आणि आत सगळ्यांच्या सह्या, फक्त मधोमध जागा कोरी. ती एकेक वाचत गेली. घाई केली नाही. माझ्या सहीपाशी थांबली.

"'तुझ्या कस्टर्डची आठवण येईल. क्लिफ.' कधी लिहिलंस हे?"

"सोमवारी."

"सोमवारी तू माझ्या ओव्हनमध्ये डोकं घालून टेप धरली होतीस, मेल्या."

"सगळ्यांनी केली होती गं सही. पाकीट पुढ्यात आलं, आतच पेन होतं..."

माझी मलाच शिसारी आली. पेपरवाल्याला, युनियनवाल्याला, त्या बायांना मी महिनाभर मनात शिव्या घालत होतो, आणि त्यांच्याच रांगेत माझंही अक्षर होतं.

नोरीन अकरा पानं आणि कार्ड घेऊन तरातरा हॉलिसच्या खोलीत शिरली. मी मागोमाग गेलो.

हॉलिस उठून उभा राहिला, खुर्ची ओढून दिली, चहा विचारला. मग हात जुळवून बसला. "नोरीन, सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. अजून काहीही ठरलेलं नाही."

नोरीनने पानं त्याच्यापुढे ठेवली आणि त्यांच्या शेजारी ते कार्ड उघडून ठेवलं.

"मधली जागा तुमच्यासाठी सोडलीय, मिस्टर हॉलिस."

मला वाटलं, आता तरी याचं तोंड काळंठिक्कर पडेल. त्याने कार्डाकडे पाहिलं, "अरे हो, थँक्यू," म्हणाला, खिशातून पेन काढलं, आणि हाताला अडचण होते म्हणून ती अकरा पानं बाजूला सारून सही केली.