जिनिंगमधली तीच पाटी

माझा मेव्हणा जिंतूरला कापसाची जिनिंग चालवतो आणि लग्नकार्यात पंगतीला बसला की सांगतो, "दाजींची मशीन फेल गेली, नवी आणली तवा चालायली." हे धादांत खोटे आहे. नवी आणलीच नाही.

उभी हयात मी ध्वनीवर काम करणारे प्रोसेसर रचण्यात घालवली. निवृत्तीनंतर परभणीत, सर्किटच्या एका हिरव्या पाटीवरच्या, हवी ती रचना भरता येते अशा कोऱ्या चिपमध्ये जी प्रोसेसरची रचना उतरवली, ती मेव्हण्यासाठी. जिनिंगमध्ये कापूस पत्र्याच्या नळातून रोलरकडे ओढला जातो. त्यात एखादा लोखंडी नट आला तर ठिणगी पडून आग लागते. नळावरच्या माइकमधून नट पत्र्यावर आपटल्याचा आवाज ओळखायचा आणि नट रोलरपर्यंत पोहोचण्याआधी यंत्र थांबवायचे. एरवी चपळ पण कधीमधी रेंगाळणारा प्रोसेसर इथे कुचकामी. म्हणून अंदाजाने वेळ वाचवणाऱ्या साऱ्या युक्त्या मी वगळल्या. प्रत्येक सूचनेला ठरलेलाच वेळ लागेल, असे केले.

पहिल्या हंगामात न उमललेली बोंडे पत्र्यावर आपटली तरी यंत्र थांबे. मी रचनेला हात लावला नाही. फक्त प्रोग्रॅम बदलला. कापसाचे तंतू आत शिरत, म्हणून त्याच दिवशी पाटीला नवा डबाही चढवला. मेव्हण्याने तेवढा डबा पाहिला.

यंदा हंगामाच्या तोंडावर मी जिनिंगवर जाऊन तो डबा सर्वांसमोर उघडला.

"ही पाटी ओळखतोस?"

"हिरवी पाटी समद्याच मशिनीत असती, दाजी. आमच्या टीव्हीतबी हाय."

हमाल खदखदून हसले. मी जुना प्रोग्रॅम पुन्हा चढवला आणि मेव्हण्याला नळात बोंड टाकायला लावले. यंत्र थांबले. त्याच्यादेखत, त्याच पाटीवर, बदललेला प्रोग्रॅम चढवला. या वेळी बोंड गेले, यंत्र चालूच राहिले. मग त्याने न सांगता खिशातून नट काढून नळात टाकला. यंत्र जागच्या जागी थांबले.

"म्हंजे पाटी तीच," तो पुटपुटला. लगेच मान वर करून म्हणाला, "मग ही अक्कल आधीच का न्हाई घातली?"

"तुझ्या नळात बोंडं कशी वाजतात, हे मला परभणीत बसून कुठून कळणार? म्हणूनच तर प्रोग्रॅम बदलता येईल अशी पाटी केली."

"लय बोलता तुमी," एवढे म्हणून तो वजनकाट्याकडे निघून गेला.

पुढच्या लग्नात तो काय सांगतो ते पाहायचे आहे. मी त्याच्याच पंगतीत, शेजारच्या पाटावर बसणार आहे.